मदत हवी आहे: माळ्यावरच्या उंदरांच्या लेंड्या झाडल्या, आता ताप, कुठली टेस्ट?

करवीर_३२: लवकर सांगा कुणीतरी. जुन्या घरातला माळा झाडला, गोणपाटाखाली वाटीभर लेंड्या, धूळ इतकी की बॅटरीच्या उजेडात समोरचं दिसंना. आता ताप आलाय. उंदरांच्या हंता व्हायरसचा व्हिडिओ बघून झोप उडालीय. टेस्ट कुठली करू?

रंकाळाकाठ: ताप कुणाला? माळा कधी झाडला?

करवीर_३२: बाबांना. परवा. झाडला त्यांनीच, मी बॅटरी धरलेली.

उसाचा_फड: भावा, आमच्या फडात घुशी नि उंदरं लई, कुणाला काय झालं नाही. मांजर पाळ, आमच्या गोठ्यात दोन हायत, विषय संपला.

रंकाळाकाठ: दादा, मांजराचं कुणी विचारलंय का? हंता उंदरांच्या मुता-लेंड्यांची धूळ नाकात गेल्यानं होतो हे खरं, पण लागण झाल्यावर ताप यायला साधारण १ ते ८ आठवडे जातात, परवाच्या धुळीनं आज नाही. त्याआधी बाबा कुठं पाण्यात उतरलेले?

करवीर_३२: मागच्या आठवड्यात पंचगंगेचं पाणी गोठ्यात आलं तेव्हा म्हशी सोडायला अनवाणीच गेलेले. टाचेला भेगा आहेत. त्याचा काय संबंध?

रंकाळाकाठ: तोच तर संबंध! लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप असू शकतो. उंदराचं मूत पुराच्या पाण्यात उतरतं आणि जखमेतून, भेगांतून आत जातं. पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल आहेत का ते बघा.

वाचक_राजारामपुरी: लेप्टो बॅक्टेरिया आहे, धागा व्हायरसचा आहे. हंता नाव कोरियातल्या हंतान नदीवरून पडलं आणि आपल्याकडं १९६४ साली वेल्लोरजवळ चिचुंद्रीत थोट्टापालयम व्हायरस सापडला, तोही त्याच कुळातला. चिचुंद्री उंदीर नव्हे हेही लक्षात घ्या.

रंकाळाकाठ: बॅक्टेरिया आहे म्हणूनच अँटिबायोटिक चालतं, वेळेत गेलं तर माणूस वाचतो. माझ्या चुलत्यांना चौथ्या दिवशी नेलं, किडनीवर आलेलं. धाप लागली किंवा लघवी कमी झाली तर एक मिनिट थांबू नका.

करवीर_३२: डोळे लाल आहेत हो, आत्ता बघितले. जिना उतरताना पोटऱ्या धरून बसले. सीपीआर हॉस्पिटलला निघतोय. माळ्याचं काय करू, आई झाडू घेऊन उभी आहे.

रंकाळाकाठ: झाडू ठेवायला सांगा आईंना! खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा, मास्क-हातमोजे घाला, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग ओल्या फडक्यानं पुसा. डॉक्टरांना पुराचं पाणी आणि उंदीर दोन्ही सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.

उसाचा_फड: आमच्या गल्लीतनं गाडी पाठवू काय?