शब्दचर्चा : ‘वसाहतीचे स्वराज्य’, सत्तांतर, गणराज्य

नौपाडा, ठाणे (प्रश्न)
इतिहासाच्या पुस्तकात ‘वसाहतीचे स्वराज्य’ असा शब्द येतो. ठाण्यातल्या मुलांना वसाहत म्हटलं की वागळे इस्टेटची औद्योगिक वसाहत नाहीतर पोलीस वसाहत डोळ्यांसमोर येते. तिचं स्वराज्य म्हणजे काय, हे त्यांना कसं समजावायचं? आणि १५ ऑगस्टला ‘सत्तांतर’ झालं असं लिहिलं तर चालेल का?

ऐरोली
वसाहत हा शब्द ‘वसणे’शी जोडलेला आहे. बाहेरून माणसं येऊन वसली की झाली वसाहत. गुलामी हा अर्थ मुळात त्यात नाही. अमेरिकेतल्या १३ वसाहतींना तो चपखल बसतो, कारण तिथे वसलेल्यांनीच पुढे ब्रिटिश राजाविरुद्ध बंड केलं. आपल्याकडे इंग्रज वसले नाहीत, त्यांनी अंमल केला. म्हणून भारताबद्दल लिहिताना ‘परकीय राजवट’ जास्त नेमकं वाटतं.

‘वसाहतीचे स्वराज्य’मधली ‘चे’ विभक्ती फसवते. ते ‘कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या वसाहतींना मिळालं त्या प्रकारचं स्वराज्य’ असं उलगडा. संसद आपली, मंत्री आपले, पण राजा तोच. १९२८च्या (मोतीलाल) नेहरू अहवालात मागणी याचीच होती. १९२९च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसने ती सोडून ‘पूर्ण स्वराज्य’ म्हटलं. ‘पूर्ण’ हे विशेषण का लागलं, ते आधीचा शब्द कळल्याशिवाय कळत नाही. ‘अधिराज्य’ (डोमिनियन) हा पर्यायही चालतो आणि त्यात वसाहतीचा घोळ नाही.

वाशी
‘सत्तांतर’ आता महापालिकेच्या बातम्यांनी वापरून गुळगुळीत केलाय. एक पक्ष जातो, दुसरा बसतो, नियमपुस्तक तेच राहतं. १९४७ साली कायदा करण्याचा अधिकारच हलला, म्हणून ‘सत्तेचे हस्तांतरण’ म्हणावं. पण ते एका रात्रीत झालेलं नाही. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ लाच भरली होती. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर लंडनमध्ये १८ जुलै १९४७ ला राजाची मोहोर उठली आणि १५ ऑगस्टला अधिराज्य आलं. घटना तयार नव्हती, मग देश चालणार कशावर? १९३५चाच कायदा आवश्यक ते फेरफार करून वापरला. संविधान सभा दोन कामं करत होती : घटना लिहायला बसली की अध्यक्ष राजेंद्र प्रसाद, रोजचे कायदे करायला बसली की सभापती मावळंकर. आणि २६ जानेवारी १९५० उजाडेपर्यंत सहावा जॉर्ज भारताचा राजा होताच! ‘१५ ऑगस्टला प्रजासत्ताक झालो’ हे वाक्य म्हणूनच चुकतं.

घटनेचं कलम ३९५ मुलांना मुद्दाम वाचायला द्या. दोन ओळींचं आहे. ज्या कायद्याने लंडनने सत्ता सोडली, तोच आपल्या घटनेने रद्द केला. घटना राजाचा प्रतिनिधी असलेल्या गव्हर्नर जनरलच्या संमतीसाठी पाठवलीच नाही. तिचा अधिकार दुसऱ्याने दिलेला नाही. याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे : स्वयंभू. जुने कायदे मात्र कलम ३७२ने चालू ठेवले, नाहीतर २६ जानेवारीला न्यायालयांनी निकाल द्यायचे कशावर?

कळवा
‘हस्तांतरण’ला माझा विरोध आहे. सोसायटीतल्या फ्लॅटचं होतं ते हस्तांतरण. लढा, तुरुंग, फाशी सगळं त्या शब्दाखाली गडप होतं. ‘सत्तांतर’च ठेवा. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तशी ही दुसरी सत्ता. व्युत्पत्तीने अगदी बरोबर आहे.

वाशी
लढ्याला ‘स्वातंत्र्यलढा’ आहेच. हस्तांतरण हा शब्द फक्त कागदाच्या बाजूचा, आणि ती बाजू कच्ची राहिली तर काय होतं ते काँगोत दिसलं. ३० जून १९६० ला बेल्जियमने सत्ता सोपवली. सैन्यात एकही काँगोलीज अधिकारी नव्हता, सगळे बेल्जियन. आठवड्याच्या आत सैनिकांचं बंड झालं आणि ११ जुलैला कटांगा प्रांत फुटला.

ऐरोली
अजून एक जोडी : राज्यसंघ आणि संघराज्य. तत्पुरुषात शेवटचं पद प्रधान. ‘राज्यसंघ’ म्हणजे राज्यांचा संघ, मालक राज्यं. ‘संघराज्य’ म्हणजे संघ असलेलं एक राज्य. अमेरिकेने आधी पहिलं करून पाहिलं. १७८१ पासून लागू झालेल्या राज्यांमधल्या त्या करारात तिथल्या काँग्रेसला, म्हणजे मध्यवर्ती सभेला, कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे एवढंच. सैनिकांचे पगार थकले. दुरुस्ती करायची तर १३ ही राज्यं राजी हवीत, म्हणजे एकाने मोडता घातला की संपलं. शेवटी १७८७ साली फिलाडेल्फियात नवी घटनाच लिहिली आणि ९ राज्यांची मंजुरी पुरेशी धरली. समासातली पदं उलटली की राज्याचा पायाच उलटतो, म्हणून परीक्षेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी लिहू देऊ नका.

नौपाडा, ठाणे
मग गोव्याला ‘मुक्ती’ का?

ऐरोली
कारण १९ डिसेंबर १९६१ नंतर तिथे नवं राष्ट्र उभं राहिलं नाही, असलेल्या गणराज्यात प्रदेश आला. आपलं ठाणं १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं, त्याला ‘जिंकलं’ म्हणतात. तिथे राजवट बदलली, राज्याची घडण नव्हे.

कळवा
प्रजासत्ताक की गणराज्य? दिन ‘प्रजासत्ताक’, पण उद्देशिकेच्या मराठी पाठात ‘गणराज्य’.

वाशी
अर्थ एकच : राज्याचा प्रमुख वंशाने येत नाही. ‘लोकशाही’ वेगळी. ब्रिटन लोकशाही आहे, गणराज्य नाही. घाना ६ मार्च १९५७ ला स्वतंत्र झाला, पण राणी राहिली. गणराज्य १ जुलै १९६० ला. आपल्यासारखंच, फक्त तिथे मधे सव्वातीन वर्षांहून थोडा जास्त काळ गेला. दोन्ही शब्द चालतील, फक्त एका लेखात एकच वापरा.