आगाशिवची चढण : आपले अनुभव लिहा

कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरावर माथ्यावरच्या महादेवाला जाणारे पुष्कळ असतात, पण वाटेतल्या बौद्ध लेण्यांपाशी थांबणारे थोडे. जे थांबले, त्यांनी तिथे काय पाहिले ते सविस्तर लिहावे. ‘छान ठिकाण आहे’ एवढे पुरणार नाही.

मलकापूरहून : निवृत्तीनंतर पहाटे आगाशिव चढण्याचा नेम धरला, तरी लेण्यांच्या आत मी कधी डोकावलो नव्हतो. चैत्रातल्या एका उन्हाच्या दिवशी दम लागला म्हणून एका विहारात, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात, शिरलो, तर आत खडकातच कोरलेला बाक होता आणि भिंतीवरचे छिन्नीचे तिरके घाव अजून बोटांना जाणवत होते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी फिरस्ती थांबवून एका जागी राहायचे, हा नियम लहानपणी वाचला होता. तो कसा पाळला जात असेल, हे त्या बाकावर बसल्यावर उमगले.

मिरजेहून : बुद्धपौर्णिमेला आईला घेऊन गेलो. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे जखिणवाडीकडून आम्ही अगदी सावकाश चढलो. चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याच्या, दर्शनी भागात एका स्तंभावर चक्र आणि दुसऱ्यावर सिंह आहेत. आत गेल्यावर आईने पहिला प्रश्न केला, “अरे, मूर्ती कुठाय?” ही लेणी हीनयान या सुरुवातीच्या बौद्ध परंपरेतली असून त्या काळी स्तूपच पूजनीय असे, हे मी सांगेपर्यंत तिने पिशवीतला मोगरा स्तूपापाशी वाहून त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवातही केली होती. बाहेर आल्यावर मात्र भिंतीवर बदामात कोरलेली नावे पाहून तिचा संताप झाला, आणि तो रास्तच होता.

विट्याहून : मी इतिहास शिकवतो. मुलांना तिथे नेण्याआधी मी त्यांना सांगतो, की दूर मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या दानलेखांत ‘करहाकट’ म्हणजे आपल्या कऱ्हाड नगराच्या दानाची नोंद आहे. एवढे कळले, की साठाहून अधिक लेणी याच डोंगरात का, हे मुले स्वतःच बोलू लागतात. एका लेण्यात स्तूप जाऊन तिथे विठोबा आला आहे. त्यावर वर्गात वाद झाला आणि मी तो होऊ दिला. कोयनेच्या बाजूची लेणी मात्र आमची राहिली आहेत; तिकडची वाट कुणाला ठाऊक असल्यास खुणांसह लिहावी.