येऊरहून परतल्यावर चिकटलेली गोचीड

प्रश्न (ठाणे): येऊरच्या जंगलातून परतल्यावर मुलाच्या गुडघ्यामागे तिळाएवढी गोचीड रुतलेली दिसली. लाइम रोगाची भीती कितपत बाळगावी?

उत्तर (ऐरोली): ताई, लाइमचे जिवाणू पसरवणाऱ्या गोचिडी मुख्यतः उत्तर अमेरिका आणि युरोपात आढळतात. आपल्याकडे गोचीडताप आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात आढळलेला, विषाणूमुळे होणारा माकडताप यांचा विचार आधी व्हावा.

उत्तर (वाशी): तेल किंवा पेटती काडी लावण्याचे उपाय कृपया टाळा, बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेलगत धरून सरळ वर ओढावे. पुढील काही आठवड्यांत ताप, पुरळ किंवा चाव्याच्या जागी काळी खपली दिसल्यास डॉक्टरांना गोचिडीविषयी आवर्जून सांगावे, कारण गोचीडतापावर डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे असते.

प्रश्नकर्ती: गोचीड काढली. आता रोज ताप मोजते आहे.