मदत हवी आहे: मोबाईल कंपन्यांचं इनोव्हेशन लोकांना कसं दिसतं, हे विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी प्रश्नावली बनवतेय. विषय असा की स्मार्टफोन बनवणाऱ्यांपैकी खरंच नवीन काहीतरी कोण करतं असं लोकांना वाटतं आणि का वाटतं. कच्ची प्रश्नावली ओळखीच्या लोकांकडून भरून घेतली आणि तिथेच गाडी अडली. पहिलाच प्रश्न होता 'सगळ्यात इनोव्हेटिव्ह कंपनी कोणती', तर लोकांनी ॲपल नाहीतर सॅमसंग टिक केलं आणि पुढची सगळी उत्तरं त्याच कंपनीची बाजू घेऊन दिली. कारण काय तर 'नाव मोठं आहे', 'कॅमेरा भारी आहे', 'बाकीचे त्यांचंच कॉपी करतात'. मला मोजायचं होतं एक आणि मोजलं जातंय भलतंच.

बोटाच्या ठशाचंच घ्या. सगळे म्हणाले ॲपलने आणला. आता २०११ च्या मोटोरोला ॲट्रिक्समध्ये तो होता की, मागच्या बाजूला वर पॉवर बटणावरच सेन्सर, पण त्याच्यावरून बोट ओढायला लागायचं. तो सेन्सर ज्या ऑथेनटेक कंपनीचा होता ती २०१२ मध्ये ॲपलने विकत घेतली आणि २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये नुसतं बोट टेकवलं की फोन उघडायला लागला. मग लोक चुकतायत असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. ज्याने ती गोष्ट रोजच्या वापरात आणली त्यालाच लोक श्रेय देतात, आणि त्यात तथ्य आहेच. पण मग पहिल्यांदा करणाऱ्याला काहीच नाही? फोल्डेबलचं, म्हणजे घडी होणाऱ्या फोनचं पण तेच, रोयोल नावाच्या कंपनीचा फ्लेक्सपाय २०१८ च्या शेवटी आला होता, पण नाव सॅमसंगचंच निघतं.

त्यात सुट्ट्या भागांचा घोळ वेगळाच. आयफोन टेनचा ओएलईडी डिस्प्ले सॅमसंगने बनवलेला, आयफोनच्या कॅमेऱ्यातले सेन्सर सोनीचे, पण फोन हातात धरणाऱ्याला हे दिसणार कुठून.

तर जाणकारांनी प्लीज सांगा, कंपनीचं नाव मध्ये न येता हे विचारायचं कसं? आणि 'इनोव्हेशन' म्हणजे काय हे आधी समजावून सांगायचं की लोकांना जे वाटतं ते वाटू द्यायचं?

प्रतिसाद १ (जुनाखेळाडू)

पहिला प्रश्न शेवटी टाक, अर्धं काम तिथेच होईल. दुसरं म्हणजे अर्ध्या लोकांना फीचरचं वर्णन नावासकट दे आणि अर्ध्यांना तेच वर्णन नावाशिवाय, कोणाला कुठलं जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरव, स्वतः निवडू नकोस. मग ते किती नवीन वाटतं याला सगळ्यांना गुण द्यायला सांग, दोन्हीकडच्या गुणांत जो फरक पडेल तो नावाचा. व्याख्या मात्र अजिबात देऊ नकोस, दिलीस की लोक तुझीच व्याख्या तुला परत करतील.

प्रतिसाद २ (सायली_के)

वरच्यांशी बऱ्यापैकी सहमत, पण नाव हा अडथळाच आहे असं धरू नकोस, लोकांचं मत त्याच्यावरच तर बनतं. मी असते तर विचारलं असतं की 'मागचा फोन बदलल्यावर तुमची कुठली सवय बदलली?' यात जाहिरातीतलं बरंच गळून पडतं. ॲपलने २०१५ मध्ये थ्रीडी टच आणला, स्क्रीनवर जोर देऊन दाबायचं, तंत्र म्हणून खरंच अवघड काम, पण आत असं काही आहे हेच कित्येकांना कळलं नाही आणि २०१९ च्या आयफोन ११ पासून ते गेलं. उलट २०१८ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल फोनवर नाइट साइट (कॅमेऱ्याचा अंधारातला मोड) दिलं, ते अपडेटमधून जुन्या पिक्सेलवर पण आलं, नवीन लेन्स नाही की काही नाही, आणि अंधारातले फोटो माणसं बिनधास्त काढायला लागली.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! चिठ्ठ्यांची आयडिया घेतेच आणि सवयीचा प्रश्न सगळ्यात आधी टाकते. आता फक्त एक अडतंय. गुगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने एस२४ ला ७ वर्षं अपडेट देऊ असं सांगितलंय, माझ्या मते मागच्या काही वर्षांतला ग्राहकाच्या सगळ्यात कामाचा बदल हाच, पण दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही. असलं काही फीचरच्याच यादीत टाकू की त्याला वेगळा प्रश्न करू? यादीत टाकलं तर कॅमेऱ्यासमोर ते टिकायचं नाही अशी भीती वाटतेय.