शुक्राच्या रडारचित्रांत जमीन बदलली की फक्त बघण्याची दिशा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नासाच्या मॅगेलन यानाची शुक्राची रडारचित्रं सध्या बघतोय आणि एका जागी अडकलोय. रडारचित्रं किंवा भूशास्त्र यातलं कुणी जाणकार असेल तर कृपया मार्ग दाखवा.

एका ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर दीड-दोन किलोमीटरचा खळगा आहे. पहिल्या फेरीच्या (शुक्राच्या एका आवर्तनात केलेल्या नकाशाच्या) चित्रात तो जवळजवळ गोल दिसतो, उजवी कड लख्ख पांढरी, डावीकडे काळी चंद्रकोर. दुसऱ्या फेरीत पांढरी कड डावीकडे गेलीय, आकार लांबट झालाय, आणि उतारावर खाली एक फिकट पट्टा आलाय जो आधीच्या चित्रात सापडतच नाही. दोन्ही तुकडे जोडले आहेत, उत्तर दिशा वर.

मला जेवढं कळलंय ते आधी लिहितो. ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याचा वरून उपयोग नाही, म्हणून १२.६ सेंटिमीटर तरंगलांबीचं रडार. लहरी जिथून जास्त परततात ती जागा उजळ: खडबडीत जमीन, किंवा रडारकडे तोंड असलेला उतार. गुळगुळीत मैदान काळं. तो प्रसिद्ध नारिंगी रंग मागाहून चढवलेला, १९८२ मध्ये व्हेनेरा १३ आणि १४ या सोव्हिएत यानांनी खाली उतरून काढलेल्या फोटोंवरून. म्हणून मी करड्या छटांतच बघतो.

पहिल्या फेरीत रडार यानाच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला रोखलेलं होतं, म्हणून चित्रात ‘उजेड’ पश्चिमेकडून येतो. टेकडीची डावी बाजू चमकते, खड्ड्याची मात्र उजवी भिंत. दुसऱ्या फेरीतलं माझं चित्र उजवीकडून घेतलेलं, तिथे सगळं उलट. हे ध्यानात धरलं नाही तर अल्फा रेजिओ या उंच प्रदेशाच्या पूर्वेचे ते सात घुमटही, सरासरी २५ किलोमीटर रुंदीचे, सहज खड्डे वाटतील. असो, माझा खळगा दोन्ही चित्रांत खळगाच ठरतो.

खरी अडचण आकाराची आहे. रडार प्रत्येक बिंदू अंतरावरून मांडतं, त्यामुळे त्याच्याकडे झुकलेला उतार आखडतो आणि पलीकडचा पसरतो. मग गोलाचा लांबट आकार नुसता यामुळे होऊ शकतो का?

विचारायचं कारण शुक्रावरचा माट मॉन्स हा ज्वालामुखी. २०२३ मध्ये रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्स्ली या संशोधकांनी दाखवलं की तिथलं एक ज्वालामुख फेब्रुवारी १९९१ मध्ये साधारण २.२ चौरस किलोमीटरचं, गोलसर होतं आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे ४ चौरस किलोमीटरचं, वेडंवाकडं झालं. मधले आठ महिने म्हणजे शुक्राचं स्वतःभोवतीचं एक आवर्तन, २४३ दिवस. त्यांचीही दोन चित्रं विरुद्ध दिशांची होती, म्हणून त्यांनी मुखाचे वेगवेगळे आकार संगणकावर करून पाहिले आणि मगच बदल खरा मानला. खालच्या लाव्हा प्रवाहाबद्दल मात्र ते सावध राहिले, कारण तो आधीच असून पहिल्या चित्रात दिसला नसण्याची शक्यता होती. माझ्या पट्ट्याचंही तेच असेल का? घरच्या संगणकावर हे कसं तपासायचं?

प्रतिसाद

तुकडे पाहिले. आकाराचा प्रश्न बराच सोपा आहे. आखडणं-पसरणं रडारच्या नजरेच्या रेषेत होतं, म्हणजे इथे पूर्व-पश्चिम. उत्तर-दक्षिण लांबी त्यातून जवळजवळ सुटते. दोन्ही चित्रांत ती मोजा. एक पिक्सेल ७५ मीटरचा आहे, पण खरी स्पष्टता त्याहून कमी, त्यामुळे दोन-तीन पिक्सेलच्या फरकाला अर्थ देऊ नका. पूर्व-पश्चिम रुंदीवरून तर काहीच ठरवू नका.

काळ्या चंद्रकोरीला सावली समजू नका. पलीकडे झुकलेल्या भिंतीवरून प्रतिध्वनी क्षीण येतो, इतकंच. खरी सावली पडायला भिंत फार उभी लागते. आणि मॅगेलनच्या उंचीमापकाच्या नोंदी इथे चालणार नाहीत. त्याचा एकेक ठसा (एका मोजणीत येणारा जमिनीचा भाग) दहा-वीस किलोमीटरचा, तुमचा खळगा त्यात बुडून जाईल.

पट्ट्यासाठी शेजारचे जुने प्रवाह बघा. उतार पूर्वेकडे आहे, म्हणजे दुसऱ्या फेरीत सगळी जमीनच रडारसमोर आली. जुने प्रवाहही तेवढेच उजळले असतील तर नवं काही नाही. शक्य असेल तर तिसऱ्या फेरीचं चित्र घ्या. तेव्हा रडार पुन्हा डावीकडे होतं. २०२४ मध्ये सिफ मॉन्स या ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावर नवा लाव्हा दाखवला गेला तो पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या जोडीवरून, १९९० आणि १९९२.

धागाकर्ता

मनापासून आभार! उत्तर-दक्षिण लांबी दोन्हीकडे सारखीच भरली, फरक फक्त दोन पिक्सेलचा. म्हणजे खळगा बदललेला नाही, ते प्रकरण माझ्यापुरतं संपलं.

पट्टा मात्र सोडवत नाही. शेजारचे तीन जुने प्रवाह दुसऱ्या चित्रात उजळलेत, पण हा त्यांच्याहून ठळक उजळलाय. पहिल्या चित्रात त्या जागी नुसती एकसारखी करडी जमीन आहे, कड म्हणून दिसत नाही. तिसऱ्या फेरीने ग्रहाचा पाचवा हिस्साच काय तो टिपला आणि ही जागा त्यात नाही. दोन फेऱ्यांतला आपाती कोनाचा (लहरी जमिनीवर किती तिरप्या पडतात त्याचा) फरक हिशेबात धरून उजळपणा दुरुस्त करायची पद्धत कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहाल का? आकडेमोड मी करीन.