बॉक्सिंगच्या हेवीवेट किताबाच्या रांगेत हे लिंबूटिंबू घुसतात कसे?

दोरीबाहेरचा
पीट रॅडमाकर. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, मान्य. पण ऑगस्ट १९५७ मध्ये सिअ‍ॅटलला तो जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनसमोर उभा राहिला, तेव्हा ती त्याची पहिली व्यावसायिक लढत होती. पहिली! आणि थेट जागतिक किताबासाठी. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला आडवं केलं, हे लोक अजून कौतुकाने सांगतात. नंतर तो स्वतः सात वेळा पडला आणि सहाव्या फेरीत खेळ आटोपला, ते कोणी सांगत नाही.

खरी चीड वेगळीच आहे. सॉनी लिस्टनने १९६० मध्ये झोरा फॉली आणि एडी मेकन या दोघांना हरवलं. रांगेत पहिला तोच. तरी डिसेंबर १९६१ मध्ये पॅटरसन लढला टॉम मॅकनीलीशी. लिस्टनचे गुन्हेगारांशी लागेबांधे होते म्हणे. सप्टेंबर १९६२ मध्ये एकदाची संधी मिळाली, तर पठ्ठ्याने १२६ सेकंदांत निकाल लावला. का टाळत होते, ते कळलं.

अपरकट
सहमत नाही. लायकी कागदावर ठरत नसते हो. लिऑन स्पिंक्सच्या नावावर जेमतेम ७ लढती होत्या, त्यातली एक बरोबरीत. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्याने अलीला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं. अँडी रुईझ तर आयत्या वेळचा बदली. मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत सापडला म्हणून त्याला बोलावलं. पोट सुटलेलं बघून लोक हसले आणि सातव्या फेरीत जगज्जेता अँथनी जोशुआ संपला. तुमच्या नियमाने २०१९ ची ती रात्र झालीच नसती.

दोरीबाहेरचा
स्पिंक्सचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, अपरकटराव. डब्ल्यूबीसीच्या, म्हणजे किताब देणाऱ्या एका संघटनेच्या मते पुढचा हक्क केन नॉर्टनचा होता. स्पिंक्सने पुन्हा अलीच निवडला. डब्ल्यूबीसीने पट्टा काढून नॉर्टनला दिला आणि एका किताबाचे दोन झाले. रांग मोडून आलेल्याने रांगच मोडीत काढली.

शेवटची फेरी
दोघेही जगज्जेत्या जो लुईला विसरलात. डिसेंबर १९४० ते जून १९४१, महिन्याला एक याप्रमाणे ७ वेळा किताब पणाला. समोरच्यांची नावं आज कोणाला आठवतात? पण त्यातल्याच बडी बेअरने त्याला पहिल्या फेरीत दोऱ्यांबाहेर फेकलं होतं. आणि सातवा बिली कॉन, वजनाने कितीतरी हलका, १२ फेऱ्यांनंतर तिघांपैकी दोघांच्या गुणपत्रिकेवर पुढे! नुसता पळत राहिला असता तरी जिंकला असता. तेराव्यात नॉकआउटच्या मोहात पडला आणि स्वतःच गारद झाला.

माझं म्हणणं एवढंच, की दर महिन्याला रिंगमध्ये उतरणाऱ्याला एखादा कच्चा गडी माफ. जगज्जेत्या जॅक डेम्पसीसारखे सप्टेंबर १९२३ पासून तीन वर्षं किताब कपाटात ठेवून बसणारे खरे दोषी. आव्हानवीर हॅरी विल्स ताटकळत राहिला. कृष्णवर्णीय होता, दुसरं काय.

अपरकट
+१. मग चक वेपनरही चालेल ना? दारूचा विक्रेता, पण मार्च १९७५ मध्ये अलीसमोर नवव्या फेरीत काय झालं आठवा. बरगड्यांखाली एक उजवा आणि अली खाली बसला.

दोरीबाहेरचा
वेपनरसाठी मीही तिकीट काढलं असतं. पंधराव्या फेरीचे १९ सेकंद उरेपर्यंत टिकला. शिवाय अलीने त्यानंतर दोनच महिन्यांत रॉन लाईल घेतला आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेझर, तेव्हा ‘शेवटची फेरी’ यांनी सांगितलेला कच्च्या गड्याच्या माफीचा नियम त्याला लावतो. पण ते पाडणं बिडणं काही नाही हं. वेपनरचा पाय अलीच्या पायावर होता, अली स्वतः सांगायचा.

अपरकट
पडलेला माणूस दुसरं काय सांगणार?

दोरीबाहेरचा
फोटो आहे!

शेवटची फेरी
ठोशाच्या आधीचा की नंतरचा?