मदत हवी आहे: शिवाजीनगरातील जुन्या ऑफिस इमारतीत भाडेकरू टिकावेत म्हणून आधी कशावर खर्च करावा?

नमस्कार.

पुण्यात शिवाजीनगर न्यायालयापासून पायी दहा मिनिटांवर आमची तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत आहे. वडिलांनी ती १९८६ मध्ये बांधली. खाली दुकाने आणि वर वकील, सनदी लेखापाल, एक आर्किटेक्ट अशी मंडळी वर्षानुवर्षे होती. गेल्या दीड वर्षात चार ऑफिसे रिकामी झाली आणि त्यांपैकी दोघे बाणेरला गेले. जाताना दोघांनीही भाडे परवडत नसल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तिकडे ते आमच्यापेक्षा जास्त भाडे भरतात, हे नंतर एजंटकडून कळले. तेव्हा कारण दुसरेच असणार.

ते काय असावे याचा अंदाज मला गेल्या महिन्यात आला. एक सनदी लेखापाल बाई दुसऱ्या मजल्यावरची जागा पाहायला आल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या खिडक्या, साडेदहा फुटांची उंची, कोर्टाजवळचे मेट्रो स्थानक, सगळे त्यांना पसंत पडले. मग त्यांनी स्वच्छतागृह विचारले. आमच्याकडे ते जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, दोन मजल्यांत मिळून एक आहे आणि त्याची किल्ली लाकडी ठोकळ्याला बांधून वॉचमनच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली असते. बाईंनी ठोकळा हातात घेतला, "माझ्याकडे सहा मुली कामाला आहेत," एवढेच म्हणाल्या आणि तो पुन्हा खिळ्याला अडकवला. नंतर त्यांचा फोन आला नाही.

आम्ही भाऊ मिळून पस्तीस लाखांपर्यंत खर्च करू शकतो. धाकट्या बंधूंचे म्हणणे असे, की दर्शनी भागाला काच लावावी आणि प्रवेशाशी ग्रॅनाइट बसवावे, म्हणजे रस्त्यावरूनच इमारत नवी दिसेल. मला हे पटत नाही, कारण दर्शनी बाजू पश्चिमेची आहे आणि आज ज्या खिडक्या उघडून दुपार निभते, तिथे बंद काच आली की एसीचा भार भाडेकरूच्याच बिलात पडेल. त्यापेक्षा जाळीच्या दाराची चार माणसांची लिफ्ट, स्वच्छतागृहे आणि जुने वायरिंग हे आधी हाती घ्यावे असे मला वाटते. पार्किंग मात्र वाढणे शक्य नाही. आठ मोटारी आणि तीसेक दुचाकी, एवढीच जागा आहे.

अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी क्रम सुचवावा. लहान ऑफिसवाला भाडेकरू प्रत्यक्षात काय पाहून होकार देतो, हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

मी अशा दोन इमारतींची देखभाल पाहतो. काचेचा विचार तूर्त सोडा. रिकामी ऑफिसे एकावर एक असतील तर ही संधी दवडू नका. त्यांच्या आत स्वच्छतागृह काढायचे तर सांडपाण्याची एकच उभी लाइन पुरते आणि खालचा भाडेकरू गळतीची तक्रार घेऊन येण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र स्लॅबला हात लावण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

त्यानंतर वीज. महावितरणकडचा मंजूर भार तपासा. १९८६ मध्ये पंखे आणि ट्यूबलाइट गृहीत धरले होते, आज प्रत्येक खोलीत एसी लागतो. पूर्ण इमारतीला जनरेटर देण्याची गरज नाही. लहान ऑफिसे स्वतःचा इन्व्हर्टर आणतात, तुम्ही लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालू ठेवले तरी पुरते. लिफ्ट बदलताना वीज गेल्यावर ती जवळच्या मजल्याला आणून दार उघडणारी व्यवस्था अवश्य घ्या.

कागदांकडेही पाहा. मोठी कंपनी जागा पाहण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निसुरक्षेचे, जानेवारी व जुलैत द्यावयाचे, ब नमुन्यातील प्रमाणपत्र मागते. करार अकरा महिन्यांचा करत असाल तर तो बदला. स्वतःच्या खर्चाने फर्निचर करणाऱ्याला किमान तीन ते पाच वर्षांची खात्री लागते आणि फर्निचर होईपर्यंत महिना-दीड महिना भाडे माफ केल्यास तो पुढे घासाघीस कमी करतो. शिवाय जाहिरातीत कार्पेट क्षेत्रफळच लिहा. नव्या इमारतींत लोडिंग, म्हणजे जिना, लॉबी अशा सामाईक जागेचा वाटा, धरून दर सांगतात. तुमच्याकडे ज्या जागेचे भाडे तीच जागा वापरायला मिळते, हे एजंट स्वतःहून सांगणार नाही.

लिफ्टच्या शाफ्टचे आतील माप आणि रिकाम्या ऑफिसांचे मजले कळवाल का?

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेकडची ऑफिसे एकावर एक आहेत, उरलेली दोन चौथ्यावर. शाफ्ट आज सकाळी वॉचमनकडून मोजून घेतला: साडेचार फूट बाय पाच फूट. एवढ्या मापात आपोआप सरकणाऱ्या दाराची लिफ्ट बसते का? धाकट्या बंधूंना आपला प्रतिसाद वाचायला दिला आहे. काचेचा विषय त्यांनी अजून पूर्ण सोडलेला नाही.